बाथ बॉम्बचा तयार संच आणि लक्ष्मीपुरीतून आणलेले सामान

आठवीत शिकणाऱ्या माझ्या भाचीचा हट्ट पुरवायचा म्हणून या जुलैच्या पहिल्या आठवड्यात मी घरी बाथ बॉम्ब तयार करण्याचा एक संच ऑनलाइन मागवला. किंमत ६४९ रुपये. चौथ्या दिवशी तो कोल्हापुरात राजारामपुरीतल्या आमच्या घरी पोहोचला, तेव्हा बाहेर धो धो पाऊस चालला होता आणि खोक्याचा एक कोपरा भिजून मऊ पडला होता. आतल्या पिशव्या मात्र कोरड्या निघाल्या. असे संच हल्ली निरनिराळ्या नावांनी विकले जातात, म्हणून येथे नावाच्या चर्चेत न शिरता खोक्यात काय निघाले, त्याचे पुढे काय झाले आणि हीच वस्तू लक्ष्मीपुरीच्या बाजारातून सामान आणून केली तर काय पदरात पडते, एवढेच लिहिते. शाळेत तीस वर्षे रसायनशास्त्र शिकवल्यामुळे वजनकाटा आणि वही या दोन गोष्टी माझ्या हातून सुटत नाहीत. त्यामुळे खाली दिलेली वजने काट्यावर पाहिलेली आहेत आणि हिशेब वहीत मांडलेले आहेत.

ज्यांनी ही वस्तू पाहिलेली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. खाण्याचा सोडा आणि सायट्रिक अ‍ॅसिड, म्हणजे आपले लिंबूसत्त्व, कोरडे असताना एकमेकांशेजारी निमूट राहतात; पाणी लागले की त्यांची क्रिया सुरू होते, कार्बन डायऑक्साइड वायू बुडबुड्यांच्या रूपाने बाहेर पडतो आणि पाण्यात सोडियम सायट्रेट हा निरुपद्रवी क्षार उरतो. या दोहोंचा सुगंध घालून दाबून वळलेला गोळा म्हणजे बाथ बॉम्ब. तो इंग्लंडमध्ये मो कॉन्स्टंटाइन यांनी १९८९ मध्ये तयार केला आणि त्यांना ही कल्पना पित्तावर घेतल्या जाणाऱ्या फसफसणाऱ्या गोळीवरून सुचली होती. आपल्याकडे ढोकळ्यात घातल्या जाणाऱ्या ईनोची पुडी हे त्याच कुळातले. तिच्यातही सोडा आणि सायट्रिक अ‍ॅसिड हेच दोन मुख्य घटक आहेत. आमच्या सासूबाईंनी खोक्यावरचे चित्र पाहून "दिवाळीचा बॉम्ब न्हाणीत कशाला आणलासा?" असे विचारले होते. मी त्यांना फुलपात्रात चिमूटभर मिश्रण टाकून दाखवले, तेव्हा त्या म्हणाल्या, "सोडा आणि लिंबू एकत्र केल्यावर फसफसणारच की, त्याला एवढे पैसे?" पुढच्या दोन आठवड्यांत मी जे काही वहीत टिपून ठेवले, ते पाहता त्यांचा हा अभिप्राय बराचसा योग्य होता असे म्हणावे लागेल.

संचात खाण्याचा सोडा ३०० ग्रॅम, सायट्रिक अ‍ॅसिड १५० ग्रॅम, कॉर्नफ्लॉवर १०० ग्रॅम, एप्सम सॉल्ट (मॅग्नेशिअम सल्फेट हा क्षार) १०० ग्रॅम, रंगाच्या तीन लहान डब्या, लॅव्हेंडर सुगंधाची दहा मिलिलिटरची बाटली, फवारणीची एक इवलीशी बाटली, हातमोजे, प्लॅस्टिकच्या अर्धगोल साच्यांच्या तीन जोड्या आणि एक रंगीत पुस्तिका एवढे साहित्य होते. सामानाच्या प्रतीबद्दल माझी तक्रार नाही. विशेषतः सायट्रिक अ‍ॅसिड निर्जल, म्हणजे स्फटिकात पाणी नसलेले होते, तसे पिशवीवर छापलेही होते, आणि ते पिठीसाखरेसारखे बारीक दळलेले होते. किराणा दुकानात मिळते ते साखरेच्या दाण्यांसारखे असते. तसेच वापरले तर गोळा खरबरीत होतो, कडेने झडतो आणि पाण्यात एकसारखा फुटत नाही. सोडाही ताजा होता, कारण चमचाभर व्हिनेगरमध्ये टाकताच तो जोरात उसळला. साच्यांचे प्लॅस्टिक जाड आहे आणि त्यांच्या कडा एकमेकींत नीट बसतात. एवढे श्रेय देणे भाग आहे.

मात्र खोक्यावर "१२ बाथ बॉम्ब" असे जे छापले आहे ते हिशेबात बसत नाही. साच्याचा व्यास पाच सेंटिमीटर आहे, म्हणजे भरलेल्या गोळ्याचे घनफळ सुमारे ६५ घन सेंटिमीटर होते, आणि हाताने घट्ट दाबून भरलेला माझा गोळा काट्यावर ७२ ग्रॅम भरला. कोरडे साहित्य सगळे मिळून ६५० ग्रॅम आहे. भागाकार केला तर नऊ गोळे होतात, बारा नव्हे. बारा करायचे तर एकेक गोळा चोपन्न ग्रॅमचा, म्हणजे इतका सैल भरावा लागेल की तो साच्यातून अखंड निघणार नाही. मी कंपनीच्या मदत केंद्राला हा हिशेब लिहून पाठवला. दोन दिवसांनी "आपल्या अभिप्रायाबद्दल आभार" एवढेच उत्तर आले. वर्गात एखाद्या मुलाने उदाहरण सोडवताना असे उत्तर लिहिले असते, तर मी वही परत केली असती.

तक्रारीचा खरा मुद्दा पुस्तिकेचा आहे. ती दुसऱ्या कुठल्या तरी देशातल्या पुस्तिकेवरून उतरवून घेतली असावी, कारण तिच्यात टब गृहीत धरला आहे आणि हवा कोरडी गृहीत धरली आहे. कोल्हापुरातल्या माझ्या ओळखीच्या एकाही घरात टब नाही. आम्ही अठरा-वीस लिटरच्या बादलीत पाणी काढतो आणि तांब्याने, नाही तर प्लॅस्टिकच्या मगाने अंगावर घेतो. हवेबद्दल तर बोलायलाच नको. जून ते सप्टेंबर या काळात आमच्याकडे मीठ पाझरते, पापड सादळतात आणि देवघरातली काडेपेटी सहज पेटत नाही. अशा हवेत पाणी लागताच फुटणारी वस्तू करायची, तर त्याबद्दल दोन ओळी तरी लिहिलेल्या असायला हव्या होत्या. पुस्तिकेच्या सोळा पानांत दमट हवेचा उल्लेखही नाही. चार पाने मात्र मेणबत्त्या आणि फुले यांच्या छायाचित्रांना दिली आहेत.

पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे पहिला घाणा आम्ही एका रविवारी दुपारी केला. सगळे कोरडे साहित्य एकत्र चाळून घेतले, सुगंध घातला आणि फवारणीच्या बाटलीतून पाणी मारत मारत मिश्रण ओलसर केले. किती फवारे मारायचे ते पुस्तिकेत लिहिलेले नाही, "मिश्रण जुळून येईपर्यंत" एवढेच म्हटले आहे. भाचीने बारा-पंधरा फवारे मारले असतील. मिश्रण परातीतच सरसरू लागले आणि हाताला थंडगार लागले. ही क्रिया भोवतालची उष्णता शोषून घेते, त्यामुळे मिश्रण गार लागू लागले की पाणी जास्त झाले असे समजावे. तरी आम्ही घाईने साचे भरले. अर्ध्या तासाने साचे उघडले तेव्हा गोळे फुगून शिवणीवर उकलले होते आणि त्यांच्या अंगावर मोड आलेल्या कडधान्यासारखे उंचवटे आले होते. तीन जोड्यांत एका वेळी तीनच गोळे होतात, त्यामुळे नऊ गोळे व्हायला संध्याकाळ झाली, आणि त्यांतले चार जरा बऱ्या आकाराचे निघाले.

यापुढची चूक सर्वस्वी माझी. रात्री हवा दमट आहे म्हणून मी ते चारही गोळे पुरते वाळायच्या आधीच फराळाच्या स्टीलच्या डब्यात ठेवले आणि झाकण घट्ट लावले. ७२ ग्रॅमच्या एका गोळ्यातून, तो पूर्ण विरघळला तर, सुमारे सहा लिटर वायू निघतो हा हिशेब मला करता येत होता, पण त्या वेळी केला नाही. पहाटे स्वयंपाकघरात मोठा आवाज झाला, झाकण ओट्यावरून खाली पडले आणि सासूबाईंनी माझ्या आधी उठून ते पाहिले. त्यांनी काही विचारले नाही, एवढेच त्यातल्या त्यात बरे.

शेजारच्या काकूंनी गोळे ओव्हनमध्ये वाळवून घेण्याचा सल्ला दिला होता. तो कोणीही मानू नये. खाण्याचा सोडा तापला की त्यातून कार्बन डायऑक्साइड आणि पाणी निघून जाते आणि मागे सोडियम कार्बोनेट, म्हणजे धुण्याचा सोडा उरतो. सुमारे ८० अंश सेल्सिअसच्या पुढे ही क्रिया चांगलीच वेगाने होते. शिवाय एप्सम सॉल्टच्या स्फटिकात वजनाने अर्धे पाणीच असते आणि ते गरम झाले की सुटू लागते. म्हणजे गोळा वाळवायला जावे, तर त्याच्या पोटातच पाणी तयार होऊन तो आतून फसफसायचा. माझ्या मते पावसाळ्यात संचातले एप्सम सॉल्ट गोळ्यात घालूच नये. ते वेगळे ठेवून पाय भिजवताना थेट पाण्यात टाकावे. ते काही फसफसण्याला मदत करीत नाही.

दुसऱ्या घाण्यासाठी मी लक्ष्मीपुरीत गेले. धान्याच्या बाजारपेठेतल्या एका जुन्या किराणा दुकानात तिन्ही मुख्य वस्तू मिळाल्या: खाण्याचा सोडा अर्धा किलो ४५ रुपयांना, सायट्रिक अ‍ॅसिड पाव किलो ६० रुपयांना आणि कॉर्नफ्लॉवर पाव किलो ३० रुपयांना. येथे नावांच्या बाबतीत सावध राहावे लागते. नुसता "सोडा द्या" म्हटले तर धुण्याचा सोडा हातात पडू शकतो. तो त्वचेला दाहक आहे आणि दिसायला मात्र तसाच पांढरा. पापडखारही नको, तो वेगळा क्षार आहे आणि खाण्याच्या सोड्यापेक्षा तीव्र आहे. कॉर्नफ्लॉवर म्हणजे मक्याचे पांढरे सत्त्व. मक्याचे पिवळे पीठ घेतले तर बादलीच्या तळाशी पिठले केल्यासारखा साका बसतो. दुकानदारांनी मला आधी "लोणच्याला का सरबताला?" असे विचारले आणि आंघोळीला म्हटल्यावर पुडी बांधता बांधता ते थांबले.

एप्सम सॉल्ट औषधांच्या दुकानात मिळते. ऊसपट्ट्यात असल्यामुळे आपल्याकडे तेच मॅग्नेशिअम सल्फेट कृषी सेवा केंद्रातही पोत्याने असते आणि बरेच स्वस्त पडते, पण ते पिकासाठी तयार केलेले असते, त्याच्या शुद्धतेची कसोटी निराळी असते. ते अंगाला लावायच्या वस्तूत घालू नये.

सायट्रिक अ‍ॅसिड मिक्सरच्या पूर्ण कोरड्या भांड्यात फिरवून घ्यावे. झाकण लगेच उघडू नये, पाच मिनिटे थांबावे. ती धूळ नाकात गेली की शिंका आणि ठसका आवरत नाही आणि डोळ्यांत गेली तर फार चुरचुरते. हे भांडे नंतर नीट धुऊन ठेवावे, नाही तर दुसऱ्या दिवशीची चटणी भलतीच आंबट होते. दोन भाग सोडा, एक भाग लिंबूसत्त्व आणि अर्धा भाग कॉर्नफ्लॉवर हे प्रमाण मी वजनाने घेतले. रसायनशास्त्राच्या हिशेबाने १९२ ग्रॅम निर्जल सायट्रिक अ‍ॅसिडला २५२ ग्रॅम सोडा पुरतो, म्हणजे दोनास एक या प्रमाणात सोडा बराच शिल्लक राहतो. संचाच्या ७२ ग्रॅमच्या गोळ्यात तो सुमारे साडेअकरा ग्रॅम शिल्लक राहतो. आपली त्वचा किंचित आम्लधर्मी असते आणि शिल्लक सोडा क्षारधर्मी, त्यामुळे ज्यांची कातडी हिवाळ्यात कोरडी पडते त्यांनी दोनाऐवजी दीड भाग सोडा घ्यावा. फसफसणे त्याने कमी होत नाही, उलट तितक्याच वजनात थोडे वाढते. किराणा दुकानातले सायट्रिक अ‍ॅसिड स्फटिकजल असलेले असेल तर हिशेब थोडा बदलतो, पण घरगुती कामाला तो फरक जाणवत नाही. कॉर्नफ्लॉवर क्रियेत भाग घेत नाही. कणांमध्ये राहून ते क्रियेचा वेग आवरते, म्हणून गोळा एकदम न भडकता हळूहळू विरघळतो.

ओलाव्यासाठी या वेळी पाणी वापरलेच नाही. अर्धा किलो मिश्रणाला तीन चहाचे चमचे पातळ केलेले खोबरेल तेल थेंबाथेंबाने घालून हाताने चोळले. बेसनाच्या लाडवाचे भाजलेले पीठ तूप मुरल्यावर मुठीत धरू लागते, त्या बेताला मिश्रण आले की थांबावे. खोबरेल सुमारे २४ अंशांच्या खाली गोठते, त्यामुळे थंडीत ते आपोआप गोळा बांधून ठेवते. पावसाळ्यात मात्र नुसत्या तेलावर गोळा जरा कच्चा राहतो. त्यासाठी करोनाच्या काळात घराघरांत साठलेल्या आयसोप्रोपिल अल्कोहोलच्या बाटल्या कामी आल्या. त्याचे तीन-चार फवारे मारले तर मिश्रण जुळते आणि अल्कोहोल उडून जाते. हे काम गॅसच्या शेगडीपासून आणि देवाच्या दिव्यापासून लांब करावे, हे वेगळे सांगायला नको, तरी सांगते.

साचा म्हणून भाचीने गणपतीतला मोदकाचा साचा काढला आणि आमच्या प्रयोगाला तिथून खरे यश आले. संचातल्या अर्धगोलांच्या दोन वाट्या एकमेकींवर दाबताना मधली शिवण नेहमी कच्ची राहते. मोदकाच्या साच्यात माल खालून भरायचा आणि अंगठ्याने दाबत जायचे असते, पाकळ्यांच्या रेषांमुळे पकड चांगली येते आणि बिजागरी उघडली की मोदक अलगद सुटतो. आमच्या साच्यातला एक मोदक २४ ग्रॅम भरला. अर्धा किलो मालात असे वीस झाले. त्यांपैकी एक फुटला, तोही साच्यातून काढताना घाई केली म्हणून. सुगंध घातल्यावर तो साचा पुन्हा स्वयंपाकाला वापरायचा नाही, त्यामुळे खाऊच्या मोदकांसाठी महाद्वार रोडवरून दुसरा आणावा लागला. वाळवण्यासाठी ते मोदक वर्तमानपत्रावर मांडून पंख्याखाली ठेवण्याऐवजी वातानुकूलन असलेल्या खोलीत रात्रभर ठेवले. पावसाळ्यात पंखा फक्त दमट हवाच फिरवत राहतो. दुसऱ्या दिवशी एकेक मोदक वेगळ्या कागदात गुंडाळून बरणीत भरला, बरणीच्या तळाशी नव्या बुटांच्या खोक्यातल्या सिलिकाच्या पुड्या टाकल्या आणि झाकण पहिले दोन दिवस सैल ठेवले. एव्हाना तीन आठवडे झाले आहेत आणि बरणी शांत आहे.

रंगाबद्दल एक अनुभव नोंदवण्याजोगा आहे. संचातले रंग उठावदार होते, पण गुलाबी रंगाने टॉवेलवर पडलेला डाग दोन धुण्यांनंतरही फिका दिसतो आहे. म्हणून मी घरच्या घाण्यात अर्धा चमचा हळद घातली. कोरडे मिश्रण छान फिकट पिवळे दिसत होते, मात्र ज्या दोन-तीन मोदकांना भाचीच्या ओल्या बोटांचा स्पर्श झाला, त्यांच्यावर तांबूस ठिपके उमटले. क्षाराच्या संगतीत हळद लाल होते. हळदीवर चुन्यासारख्या क्षाराचा संस्कार करून कुंकू करतात ते याच गुणामुळे. अंबाबाईच्या गावात राहून ही गोष्ट मला आधी सुचायला हवी होती. भाचीला ते ठिपके इतके आवडले की तिने पुढच्या खेपेस मुद्दाम काडीने ओले ठिपके दिले. सुगंधासाठी मी गवती चहाचे तेल घातले, अर्धा किलोला वीस थेंब. पुस्तिकेत दहा मिलिलिटरची पूर्ण बाटली ओतायला सांगितली होती, तेवढे बादलीच्या आंघोळीला फार होते. त्या गोळ्याने आंघोळ केल्यावर माझ्या मानेवर दुपारपर्यंत खाज होती. बाटलीवर ते नैसर्गिक तेल आहे की कृत्रिम सुगंध, हे कुठेही लिहिलेले नाही. कोणतेही सुगंधी तेल वापरण्याआधी ते थोड्या खोबरेलात मिसळून कोपराच्या आतल्या बाजूला लावून एक दिवस वाट पाहावी.

आता प्रत्यक्ष आंघोळीविषयी. ७२ ग्रॅमचा गोळा दीडशे लिटरच्या टबासाठी बेतलेला आहे. तोच अठरा लिटरच्या बादलीत टाकला तर सगळे घटक आठपटींनी तीव्र होतात, म्हणून मोदकाएवढा लहान आकार हाच बादलीला योग्य. दुसरे असे की टबात माणूस पाण्यात पडून राहतो, त्यामुळे बुडबुड्यांची गंमत त्याला अंगावर अनुभवता येते. बादलीत ती दोन मिनिटे पाहायची असते आणि मग पाणी अंगावर घ्यायचे असते. तेल पाण्यात मिसळत नाही, ते वर तरंगते. त्यामुळे पहिल्या तांब्यात जवळजवळ सगळे तेल येते आणि शेवटच्या पाण्यात तेल उरतच नाही. पहिला तांब्या डोक्यावर घेतला तर केस तेलकट आणि कॉर्नफ्लॉवरने चिकट होतात, म्हणून डोके आधी साध्या पाण्याने धुऊन घ्यावे, साबण लावून झाल्यावर हे पाणी फक्त अंगावर घ्यावे आणि प्रत्येक वेळी तांब्याने पाणी ढवळून घ्यावे. फरशी निसरडी होते. आमच्या न्हाणीत गुळगुळीत टाइल्स आहेत, तेथे सासूबाईंना मी हे पाणी वापरूच दिले नाही.

सुगंध कोंडून राहावा म्हणून खिडकी बंद करा, असे पुस्तिकेत लिहिले आहे. आपल्याकडे अनेक घरांत गॅसचा गीझर न्हाणीतच असतो. अशा न्हाणीत खिडकी बंद करून बसणे म्हणजे कार्बन मोनॉक्साइडला आमंत्रण देणे आहे, आणि त्या वायूला वास नसतो. हे वाक्य पुढच्या आवृत्तीतून काढून टाकावे, असेही मी मदत केंद्राला कळवले आहे. त्याचे उत्तर अजून आलेले नाही.

या वस्तूचा आमच्या घरी सर्वांत चांगला उपयोग आंघोळीला नव्हे, पायांना झाला. माझा पुतण्या पन्हाळा ते पावनखिंड पदभ्रमंतीहून दोन दिवस चिखल तुडवून परतला, तेव्हा त्याच्यासाठी मी घंगाळात कोमट पाणी काढले, मूठभर एप्सम सॉल्ट टाकले आणि वर दोन मोदक सोडले. पाय पाण्यात स्थिर असतात, बुडबुडे घोट्यांभोवती फिरतात, तेल वर तरंगून नडग्यांना लागते आणि पाणी फक्त पाच-सहा लिटर असल्यामुळे सुगंधही भरून राहतो. वीस मिनिटे तो एका जागी बसून राहिला, असे मी त्याच्या बालपणापासून प्रथमच पाहिले. मात्र त्याच्या टाचेवर फोड फुटलेला होता, तो पाय बाहेर ठेवावा लागला. उघड्या जखमेवर हे पाणी झोंबते. मधुमेह असलेल्यांनी पाय भिजवण्याआधी डॉक्टरांना विचारावे, कारण पायाची संवेदना कमी झालेली असेल तर पाण्याचा चटका कळत नाही. सोड्याने थकवा उतरतो, एप्सम सॉल्ट कातडीतून आत जाऊन स्नायू सैल करते वगैरे जे दावे पुस्तिकेत आहेत, त्यांच्यावर मी विसंबणार नाही. कोमट पाण्यात पाय ठेवून निवांत बसल्याने बरे वाटते, एवढे माझ्या पदरी आहे.

खर्चाचे म्हणाल तर संचातून नऊ गोळे धरले तरी एक ७२ रुपयांना पडतो, आणि मला हाती लागले चारच. घरच्या सामानात, गवती चहाच्या तेलाचे पैसे सोडून, २४ ग्रॅमचा एक मोदक साडेतीन-चार रुपयांना पडला. तीन मोदकांचे वजन एका गोळ्याइतके होते हे लक्षात घेतले तरी फरक सहापटींचा आहे. संच कोणी घ्यावा? ज्यांना एकदाच, एखाद्या वाढदिवसाच्या भेटीसाठी, सगळे एका खोक्यात हवे आहे त्यांनी घ्यावा, पण फवारणीची बाटली बाजूला ठेवून आणि शक्यतो नोव्हेंबर ते मे या कोरड्या दिवसांत. मुलांना आम्ल-क्षाराचा धडा हातांनी शिकवायचा असेल तर लक्ष्मीपुरीतली दीडशे रुपयांची खरेदी अधिक शिकवते, कारण तेथे वजन, प्रमाण आणि चूक या तिन्ही गोष्टी आपल्या असतात. सामानाला मी पाचपैकी साडेतीन गुण देईन, पुस्तिकेला एक.

दिवाळीसाठी पुढचा घाणा ऑक्टोबरच्या उन्हात करायचे ठरले आहे. भाचीला त्यात उटण्याची कपूरकाचरी आणि वाळ्याची पूड घालून पाहायची आहे. मी दर शंभर ग्रॅमला दोन ग्रॅमपेक्षा जास्त नको असे सांगितले आहे, कारण त्यापुढे न्हाणीची जाळी तुंबते. संचातले तीन अर्धगोल साचे सासूबाईंनी धुऊन घेतले असून सध्या त्यांत तुळशीची रोपे आहेत.